नायक्रोमपासून इन्कोनेलपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हीटर आणि भट्ट्यांची एलिमेंट बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली. शेगडीची तुटकी कॉइल खिशात घालून येणारा माणूस, मसाल्याची पाकिटं सील करणाऱ्या बचतगटाच्या ताई, हीट ट्रीटमेंट शॉपचा सुपरवायझर, प्रोजेक्टसाठी माहिती गोळा करणारी इंजिनिअरिंगची मुलं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. विमानाची इंजिनं आणि खताचे कारखाने माझ्या धंद्यात बसत नाहीत, पण तेही प्रश्न येतात आणि धातूचं घराणं एकच आहे, त्यामुळे तेही घेतले आहेत.

नायक्रोम म्हणजे नेमकं काय?

निकेल आणि क्रोमियमचं संमिश्र. शाळेच्या पुस्तकात एवढ्यावर भागतं, दुकानात मात्र "कुठलं?" असा उलट प्रश्न येतो. ८०-२० म्हणजे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. ही वरच्या दर्जाची जात, तारेचं तापमान १२०० अंश सेल्सिअसपर्यंत नेता येतं. ६०-१५ मध्ये साधारण ६० टक्के निकेल, पंधरा-सोळा टक्के क्रोमियम आणि बाकी बहुतेक लोह. ती थोडी स्वस्त आणि थोडी कमी तापमानाची. ३५ टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमवाली तिसरी जात भट्ट्यांच्या कामात भेटते.

अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांना या संमिश्राचं पेटंट फेब्रुवारी १९०६ मध्ये मिळालं. त्याआधी विजेवर उष्णता हवी असेल तर लोखंडाची तार थोड्या दिवसांत जळायची आणि प्लॅटिनमची परवडायची नाही. टोस्टर, इस्त्री, हेअर ड्रायर ही मंडळी या तारेच्या मागोमाग घरात आली.

लालबुंद होऊनही ही तार जळून का जात नाही?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बाकीची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

दूध तापलं की वर साय धरते आणि खालचं दूध झाकलं जातं. नायक्रोम पहिल्यांदा लाल झालं की त्याच्यावर अशीच साय धरते, क्रोमियम ऑक्साइडची. निकेलपेक्षा क्रोमियमला ऑक्सिजनची ओढ जास्त, त्यामुळे पृष्ठभागाजवळचं क्रोमियम आधी पुढे होतं आणि हवेतल्या ऑक्सिजनला धरतं. हा थर काही मायक्रॉनचाच असतो, पण घट्ट असतो. त्यातून ऑक्सिजन आत जायला आणि धातू बाहेर यायला फार वेळ लागतो. लोखंडावरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो पापुद्र्यांनी सुटतो, खालचं ताजं लोखंड पुन्हा जळतं आणि तार संपेपर्यंत हेच चालतं.

साय फाटली तर दुसरी धरते. तारेवर चरा पडला, छोटा पापुद्रा निघाला, तर आतलं क्रोमियम सरकत वर येतं आणि जखम भरतं. पण साय धरायला दूध शिल्लक हवं. दर वेळी थोडं क्रोमियम खर्च होतं आणि एखाद्या जागी ते इतकं कमी होतं की निकेलच जळायला लागतं. तिथे तार बारीक होते, बारीक झाली म्हणून जास्त तापते, जास्त तापली म्हणून आणखी जळते. अंधारात शेगडीकडे नीट पाहिलंत तर मरणाऱ्या कॉइलमध्ये एक ठिपका बाकीच्यांपेक्षा पिवळट दिसतो. ती जागा लवकरच तुटणार.

म्हणूनच सतत चालू राहणाऱ्या तारेपेक्षा सारखी चालू-बंद होणारी तार लवकर जाते. थंड होताना धातू जास्त आकसतो, ऑक्साइड कमी, आणि या ओढाताणीत साय तडकते. प्रयोगशाळेत तारेचं आयुष्य मोजतानाही ती दोन मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद अशी छळतात. थर चिकटून राहावा म्हणून चांगल्या तारेत एखाद टक्का सिलिकॉन आणि सिरियमसारख्या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची चिमूट घालतात. दोन कारखान्यांच्या "८०-२०" तारा सारख्याच लेबलाखाली वेगवेगळं आयुष्य का देतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा या चिमटीत असतं.

तार वितळते १४०० अंशांच्या आसपास, मग मर्यादा १२०० का?

कारण वितळण्याआधी साय उडून जाते. साधारण १००० अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइड हवेतला आणखी ऑक्सिजन घेऊन वायुरूप होऊ लागतं. तापमान वाढेल तसा हा खर्च वाढत जातो. शिवाय धातू इतका मऊ होतो की स्वतःच्या वजनानं कॉइल लोंबते. आणि १२०० हा तारेचा आकडा आहे, भट्टीचा नाही. तार भट्टीपेक्षा नेहमीच गरम असते, म्हणून ८०-२० ची भट्टी ११०० च्या आतच चालवावी असा माझा हिशोब आहे. काही लोक ताणतात आणि मग वर्षातून दोनदा कॉइल बदलतात.

जास्त रोध म्हणजे जास्त उष्णता, बरोबर ना?

नाही, आणि हा गैरसमज पदवीधरांतही आढळतो. घरात व्होल्टेज ठरलेलं आहे, २३०. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. म्हणजे रोध कमी केला तर उष्णता वाढते. मग नायक्रोम कशाला, तांब्याचीच तार का नाही?

हिशोब करून पाहू. १००० वॅटच्या शेगडीला सुमारे ५३ ओहम रोध लागतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या ८०-२० तारेचा रोध मीटरला साधारण साडेपाच ओहम, म्हणजे साडेनऊ मीटर तारेत काम झालं. कॉइल गुंडाळून थाळीत बसते. तीच जाडी तांब्याची घेतली तर ६०० मीटर लागेल, आणि तीही लाल होण्याआधीच काळी पडून पापुद्रे सोडायला लागेल. नायक्रोमची रोधकता तांब्याच्या साठपटीहून जास्त आहे, त्याचा उपयोग तार आटोपशीर करण्यासाठी आहे.

दुसरा गुण कमी बोलला जातो. बल्बच्या टंगस्टन तारेचा रोध थंडपणी जितका असतो त्याच्या दहापटीहून जास्त तो पेटल्यावर होतो. ८०-२० नायक्रोमचा रोध १००० अंशांना जेमतेम पाच-सात टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे मल्टिमीटरनं थंड कॉइल मोजली तरी तिचा वॅट किती, हे बऱ्यापैकी अचूक सांगता येतं.

व्होल्टेजचा वर्ग आहे हेही लक्षात असू द्या. रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टपर्यंत चढली की १००० वॅटची कॉइल ११८० वॅट खेचते. "कालपर्यंत चालत होती, रात्रीत कशी गेली?" याचं उत्तर कधीकधी इतकं साधं असतं.

शेगडीची कॉइल तुटली. दोन टोकांना पीळ देऊन चालवली तर?

चालेल. किती दिवस, ते सांगत नाही.

त्या सांध्यात दोन तारा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात, आणि दोन्हींवर ऑक्साइडची साय. साय वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे सांधाच सगळ्यात जास्त तापतो आणि तिथेच पुन्हा तुटतं. मग आणखी एक पीळ. दर पिळात दोन-चार वेटोळी वाया जातात. कॉइल दहा टक्के आखूड झाली की १००० चे ११११ वॅट होतात. शिवाय ते आता कमी लांबीत मावायचे असतात, म्हणून तारेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार जवळजवळ २३ टक्क्यांनी चढतो. दुरुस्ती करता करता तुम्ही शेगडी जास्त तापवायला शिकवलेली असते आणि ती खुशीनं शिकते.

होस्टेलच्या दिवसांत मी अशी शेगडी चार पिळांवर दोन सेमिस्टर चालवली, त्यामुळे उपदेश करायचा मला फारसा अधिकार नाही. तरी सांगतो: नवी कॉइल चहाच्या दोन-चार कपांच्या भावात मिळते. आणि उघड्या कॉइलच्या शेगडीत तारेत सरळ वीज खेळत असते. भांडं कॉइलला टेकलं तर भांड्यात वीज येते. सांडलेलं दूध किंवा मिठाचं पाणी सायीला खातं, त्यामुळे उतू गेलं की प्लग काढून, थंड झाल्यावर थाळी कोरड्या ब्रशनं साफ करा.

नायक्रोम घेऊ की कँथल?

कँथल म्हणजे लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचं संमिश्र, निकेल जवळजवळ शून्य. स्वीडनच्या हान्स फॉन कान्ट्सोव यांनी १९२० च्या दशकात हे शोधलं आणि नाव त्यांच्यावरून पडलं. याच्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची साय धरते. ती क्रोमियमच्या सायीपेक्षा चिवट असते, वरच्या तापमानातही उडत नाही. त्यामुळे वरची जात १४०० अंशांपर्यंत जाते, आणि निकेल नसल्यानं स्वस्तही पडते.

मग नायक्रोम संपायला हवं होतं, पण संपलं नाही, कारण कँथल गरम असताना लेचंपेचं आणि एकदा तापून थंड झाल्यावर काचेसारखं ठिसूळ. जुनी कँथलची कॉइल हातानं सरळ करायला गेलात तर तुकडे हातात येतात. तिला हात लावायचाच तर आधी गरम करून घ्यावी लागते. नायक्रोम वर्षभर वापरूनही बऱ्यापैकी वाकतं. हलणारं यंत्र, धक्के, सारखी चालू-बंद, वारंवार दुरुस्ती असेल तर नायक्रोम. एका जागी शांतपणे उभी, उंच तापमानाची भट्टी असेल तर कँथल. मातीची भांडी भाजणाऱ्या कलाकारांना १२०० च्या वर जायचं असतं, त्यांना मी कँथलच देतो.

दुकानदार म्हणतो ८०-२०. ओळखायचं कसं?

लोहचुंबक जवळ ठेवा. नायक्रोमला चुंबक चिकटत नाही, कँथलला चिकटतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत कॉइल घेताना एवढी परीक्षा उभ्या उभ्या होते आणि निम्मी फसवणूक तिथेच थांबते. वापरलेल्या तारेचा रंगही बोलतो: नायक्रोम काळपट-हिरवट पडतं, कँथल राखाडी-पांढुरकं. ८०-२० आणि ६०-१५ यांतला फरक मात्र चुंबक सांगत नाही. मोठी ऑर्डर असेल तर पीएमआय गननं तपासून घ्या. क्ष-किरणांवर चालणारं ते पिस्तुलासारखं यंत्र काही सेकंदांत टक्केवारी दाखवतं.

गिझरच्या रॉडमध्येही नायक्रोमच असतं का?

हो, पण तुम्हाला ते दिसत नाही. मध्ये नायक्रोमची बारीक कॉइल, भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड, आणि बाहेर तांब्याची, स्टेनलेसची किंवा इन्कोलॉयची (निकेलचं आणखी एक संमिश्र, खाली येतंच) नळी. ती पूड उष्णता जाऊ देते, वीज नाही.

बोअरच्या जड पाण्यानं नळीवर क्षाराचा पांढरा थर चढतो. उष्णता पाण्यात उतरत नाही, आत कोंडते आणि नळी फुटते. मग पुडीत पाणी शिरतं आणि गळती होताच वीज तोडणारा घरातला ईएलसीबी पडतो. बहुतेक वेळा नायक्रोमची कॉइल बिचारी शाबूत असते. दोष पाण्याचा, शिव्या एलिमेंटला.

सीलिंग मशीनची पट्टी सारखी का तुटते?

फरसाण, मसाले, पापड पॅक करणाऱ्या हाताच्या मशीनमध्ये नायक्रोमची चपटी पट्टी असते. दाबलं की एक-दोन सेकंद वीज जाते आणि प्लॅस्टिक चिकटतं. पट्टीवरचं टेफ्लॉनचं कापड जळून भोक पडलं की वितळलेलं प्लॅस्टिक थेट पट्टीला लागतं, तिथे करपतं, आणि पट्टी त्याच जागी तुटते. कापड वेळेत बदला, पट्टी आपोआप टिकेल. टायमर गरजेपेक्षा वर ठेवायची सवयही सोडा.

पट्टीच्या टोकांना स्प्रिंग का असते, हेही विचारतात. धातू तापला की लांबतो. ३०० अंशांना एक मीटर नायक्रोम चार मिलिमीटरनं वाढतं. स्प्रिंग ती ढील ओढून घेते. थर्माकोल कापायच्या धनुष्यालाही स्प्रिंग लागते ती याचसाठी. ज्यांनी २०१८ च्या बंदीआधी गणपतीची मखरं कापली आहेत त्यांना आठवत असेल: तार ढिली पडली की महिरपीची कमान वाकडी यायची. आता ते काम वास्तुरचनेची मॉडेलं आणि विमानांच्या खेळण्यांच्या पंखांपुरतं उरलं आहे. तार लाल करायची नसते, कापण्यापुरती गरम असली की पुरे. आणि वीज ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टची घ्यायची, २३० ची तार उघडी हातात घेऊन कारागिरी करायची नाही. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नसतो.

शेगडीच्या तारेचा आणि जेट इंजिनाचा खरंच संबंध आहे?

सरळ वंशावळ आहे. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनावर उडणाऱ्या ग्लॉस्टर विमानानं १५ मे १९४१ ला पहिलं उड्डाण केलं. टर्बाइनची पाती तेव्हा खास पोलादाची होती. तापलेली पाती मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि प्रत्येक पात्याला बाहेरच्या बाजूला प्रचंड ओढ बसते. पोलाद त्या ओढीनं हळूहळू ताणलं जायचं. धातूला तापात, सततच्या भारानं येणाऱ्या या ताणाला क्रीप म्हणतात.

माँड निकेल कंपनीच्या धातुशास्त्रज्ञांनी शोध कुठून सुरू केला? ८०-२० पासून. ताप सोसणारी साय तिथे आधीच होती, फक्त ताकद नव्हती. त्यांनी त्यात थोडं टायटॅनियम, मग ॲल्युमिनियम घातलं आणि निमोनिक ७५, निमोनिक ८० ही संमिश्रं तयार झाली. टायटॅनियम-ॲल्युमिनियम निकेलशी जुळून धातूच्या आत अतिसूक्ष्म कण तयार करतात, ज्यांना गॅमा प्राइम म्हणतात. धातूचे अणूंचे थर एकमेकांवरून घसरायला गेले की हे कण आडवे येतात. गंमत अशी की बहुतेक धातू तापल्यावर मऊ पडतात, पण हे कण काही शे अंशांपर्यंत तापतील तसे उलट जास्त हट्टी होतात.

आजची पाती त्याच घराण्यातली, पण ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली. आतून पोकळ, थंड हवा खेळवणारी, वर सिरॅमिकचा लेप, आणि सगळं पातं मिळून एकच स्फटिक, म्हणजे क्रीप जिथून सुरू होतो त्या स्फटिकांमधल्या सीमाच नाहीत. क्रोमियमचं प्रमाण घटलं आणि सायीचं काम ॲल्युमिनियमकडे गेलं. भोवतीचा वायू या धातूच्या द्रवणांकापेक्षाही गरम असतो, पातं त्यात तासन्‌तास फिरतं. हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेनं अशी एकस्फटिकी पाती बनवली आणि २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी ६० पाती हिंदुस्थान एरोनॉटिक्सला दिली. हे तंत्र ज्यांच्याकडे आहे असे देश मोजकेच आहेत आणि कुणी ते विकत देत नाही.

इन्कोनेल ६००, ६२५, ७१८, इन्कोलॉय ८००... हे आकडे कसे वाचायचे?

इन्कोनेल आणि इन्कोलॉय ही निकेल-क्रोमियमच्या संमिश्रांची व्यापारी नावं. आकड्यांत तापमान किंवा टक्केवारी शोधू नका, तीही नुसती नावं आहेत. ६०० हे मूळचं, निदान ७२ टक्के निकेल आणि पंधरा-सोळा टक्के क्रोमियम, बाकी लोह. भट्टीतल्या जाळ्या, टोपल्या, मफल (जॉब ज्वाळेपासून वेगळा ठेवणारी आतली पेटी) यांसाठी चालतं. ६०१ मध्ये क्रोमियम वाढवलं आणि थोडं ॲल्युमिनियम घातलं, म्हणून सायीला जोड मिळते. भट्टीवाल्यांना पैसे घालायचेच असतील तर मी ६०१ सुचवतो. ६२५ मध्ये मॉलिब्डेनम आणि नायोबियम असतं, ते समुद्राच्या पाण्यालाही दाद देत नाही. इन्कोलॉय ८०० हे गरिबाचं इन्कोनेल म्हणा: निकेल तीस ते पस्तीस टक्के, लोह भरपूर. १९५० च्या दशकात अमेरिकेत निकेलची चणचण होती तेव्हा ते पुढे आलं आणि गिझरच्या नळीपर्यंत पोचलं.

७१८ बद्दल गैरसमज जास्त आहेत. ते सगळ्यात प्रसिद्ध, म्हणून सगळ्यात जास्त ताप सोसणारं असावं, असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची ताकद ६५० अंशांपर्यंतच भरवशाची, त्यापुढे ताकद देणारे कण बदलायला लागतात. पण त्या मर्यादेत ते जबरदस्त मजबूत आणि वेल्डिंगला समजूतदार आहे, म्हणून इंजिनाच्या चकत्या त्याच्या. भट्टीच्या टोपलीसाठी ७१८ मागणारं गिऱ्हाईक आलं की मी आधी चहा मागवतो.

एक्स-१५ या अमेरिकी संशोधन विमानाची कातडी इन्कोनेल एक्सची होती. ३ ऑक्टोबर १९६७ ला ते आवाजाच्या ६.७ पट वेगानं गेलं.

भट्टीत निकेलची जाळी अचानक कुरतडल्यासारखी झाली. का?

पहिला संशय गंधकावर घ्या. निकेल आणि गंधक मिळून जे तयार होतं ते निकेलबरोबर सुमारे ६४० अंशांनाच वितळतं. ९०० अंशांच्या भट्टीत हे द्रव धातूच्या स्फटिकांमधल्या फटींत शिरतं आणि आतून पोखरतं. गंधक येतं कुठून? कटिंग ऑइल, ग्रीस, खुणा करायचा रंगीत खडू, गंधकवालं इंधन. जॉब धुऊन, पुसून, कोरडा करूनच भट्टीत जाऊ द्या. निकेल कमी आणि क्रोमियम जास्त असलेलं संमिश्र गंधकात जास्त टिकतं, हे उलट वाटेल पण खरं आहे.

दुसरा शत्रू म्हणजे कार्बनचा वायू. कार्बुरायझिंगच्या, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवायच्या, भट्टीत ऑक्सिजन इतका कमी असतो की सलग साय धरतच नाही. क्रोमियम आतल्या आतच जळतं आणि तोडलेल्या तारेचा छेद हिरवा दिसतो. याला इंग्रजीत 'ग्रीन रॉट' म्हणतात, आमच्याकडे "हिरवी पडली" म्हणतात. अशा वातावरणात ८०-२० पेक्षा लोह असलेलं ३५-२० चांगलं टिकतं. इथे महाग माल हा वाईट माल ठरतो.

भट्टीचं तापमान मोजणाऱ्या के टाइप थर्मोकपललाही हाच रोग होतो. त्याची एक तार ९० टक्के निकेल, १० टक्के क्रोमियमची असते. बारीक, बंद नळीत ऑक्सिजन कमी पडला की ती हिरवी पडते आणि तापमान कमी दाखवते. कंट्रोलरला वाटतं भट्टी थंड आहे, तो आणखी वीज सोडतो. जॉब जळतो आणि चार्टवर रेघ मात्र सरळ. मी एका शॉपमध्ये तीन आठवडे एलिमेंटला दोष देत बसलो होतो, शेवटी थर्मोकपल बदलला आणि भांडण मिटलं. ऑस्ट्रेलियात विकसित झालेला एन टाइप याच दुखण्यावरचा उपाय आहे. त्यात क्रोमियम आणि सिलिकॉन दोन्ही वाढवलेलं असतं.

खत कारखान्यात या धातूचं काय काम?

अमोनियासाठी हायड्रोजन लागतो. नैसर्गिक वायू आणि वाफ तापलेल्या नळ्यांतून उत्प्रेरकावरून नेली की तो मिळतो. थळ-वायशेतच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी रिफॉर्मर म्हणतात ते हेच. अशा नळ्या बहुधा २५ टक्के क्रोमियम आणि ३५ टक्के निकेलच्या, साचा फिरवत ओतलेल्या असतात. आत दाब, बाहेर ज्वाळा, धातू ९०० अंशांच्या आसपास, आणि आयुष्य मोजायचं १,००,००० तासांच्या हिशोबानं, म्हणजे अकरा वर्षांहून थोडं जास्त. त्या एका दिवसात फुटत नाहीत, क्रीपनं हळूहळू फुगतात. म्हणून दर शटडाउनला त्यांचा घेर मोजतात. तापमान ठरल्यापेक्षा वीसेक अंश वर राहिलं तरी आयुष्य अर्ध्यावर येऊ शकतं.

इन्कोनेलचं मशिनिंग इतकं त्रासाचं का?

भोसरी-चाकणच्या सीएनसीवाल्यांना विचारा, ते इन्सर्टचं, म्हणजे टूलच्या बदलायच्या धारदार टोकांचं, बिल दाखवतील. टूल लागलं की पृष्ठभाग आणखी कडक होतो. उष्णता धातूतून वाहून जात नाही (७१८ ची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या जेमतेम पावपट), ती टूलच्या टोकावर साठते. कार्बाइडच्या टूलनं कापायचा वेग मिनिटाला तीसेक मीटरच्या वर फारसा नेता येत नाही. टूल एका जागी घासत ठेवू नका, फीड देत राहा म्हणजे टूल पुढे सरकवत राहा, कूलंट भरपूर. थांबलात की तिथे कडक कातडी तयार होते आणि पुढचं टूल तीच खातं.

निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर ही भांडी-यंत्रं चालतील?

पाण्याच्या रॉडला हात लावल्यानं काही होत नाही. त्वचेला रोज घासणारं निकेल त्रास देतं, जसं कानातले, घड्याळाचा पट्टा, दातांच्या काही निकेल-क्रोमियम कॅपा. दंतवैद्याला आधी सांगा. वेल्डिंगवाल्यांनी मात्र हा विषय हसण्यावारी नेऊ नये. या धातूंच्या वेल्डिंगच्या धुरात निकेल आणि सहा-संयुजी क्रोमियम असतं, दोन्ही कर्करोगाशी जोडलेले. धूर खेचणारा पंखा आणि योग्य मास्क हवाच.

इतकं महाग का? आपल्याकडे बनत नाही का?

किंमत निकेलची. ८ मार्च २०२२ ला लंडनच्या धातू बाजारात निकेल काही काळ टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेलं, बाजार थांबवावा लागला आणि त्या दिवसाचे सौदे रद्द केले. त्या आठवड्यात तारेचा भाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी "उद्या या" म्हणत होतो.

क्रोमियमचं आपल्याला दुःख नाही, ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइट भरपूर आहे. निकेल मात्र बाहेरून येतं. गोव्याच्या निकोमेट या निकेल-कोबाल्टच्या कारखान्याला वेदांतानं डिसेंबर २०२१ मध्ये विकत घेतलं, पण देशाच्या भुकेपुढे तो घास लहान आहे. सुपरअ‍ॅलॉय बनवण्याचं काम हैदराबादची मिश्र धातु निगम ही सरकारी कंपनी करते. ती १९७३ मध्ये स्थापन झाली.

१२०० च्या वर जायचं असेल तर?

१४०० पर्यंत कँथल. त्यापुढे धातू सोडा, सिलिकॉन कार्बाइडचे रॉड घ्या, आणि आणखी वर मॉलिब्डेनम डायसिलिसाइड. ते थंडपणी अतिशय ठिसूळ असतात, टेम्पोच्या धक्क्यानंही तुटतात.

जुन्या कॉइलला भंगारात भाव मिळतो का?

मिळतो, पण कँथल आणि नायक्रोम एका पोत्यात भरलंत तर दोन्हीचा भाव कँथलचा लागतो, कारण भंगारवाला चुंबक फिरवतो आणि चिकटलं की मान हलवतो. आधी स्वतः चुंबकानं वेगळं करा. चिनी मातीचे तुकडे, स्क्रू, पितळी टोकं काढून टाका. इन्कोनेलच्या जाळ्या असतील तर शिक्का किंवा जुनं टेस्ट सर्टिफिकेट शोधून ठेवा. मुंबईत गुलालवाडीकडे माल नेणार असाल तर पीएमआय गन असलेल्याच व्यापाऱ्याकडे जा आणि आकडा समोर बघा.